विद्यार्थी दुसऱ्याच्या हाती देताना

पत्रवाङ्मय हा आपल्या अभ्यासकांच्या आवडीचा विषय आहे. ऐतिहासिक पत्रांपासून लेखकांच्या खाजगी पत्रव्यवहारापर्यंत आणि तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांपासून संपादकांना आलेल्या पत्रांपर्यंत बहुतेक सर्व प्रकारांची कमीअधिक दखल घेतली गेली आहे. मात्र विद्यापीठात वावरणाऱ्या प्रत्येकाच्या हातून वर्षानुवर्षे लिहिला जाणारा एक पत्रप्रकार या चर्चेत क्वचितच येतो. तो म्हणजे शिफारसपत्र. याची कारणे उघड आहेत. हे पत्र गोपनीय असते. ज्याच्याविषयी ते लिहिलेले असते त्यालाच ते वाचता येत नाही. आणि काम झाले की ते एखाद्या फायलीत कायमचे निजते. शिवाय ठराविक विशेषणांच्या साच्यातून निघणाऱ्या या मजकुराला वाङ्मय म्हणायचे तरी कसे, हा संकोच असतोच.

हा संकोच बाजूला ठेवून या प्रकारातील एका विशिष्ट उपप्रकाराचा विचार येथे करावयाचा आहे. पदव्युत्तर शिक्षण आपल्याकडे पूर्ण केलेल्या माजी विद्यार्थ्याला अभियांत्रिकीतील डॉक्टरेटसाठी दुसऱ्या एखाद्या गुरूकडे पाठविणारे पत्र, असा हा उपप्रकार. अभियांत्रिकीच का, असे साहित्याचे वाचक विचारतील. साहित्याच्या विद्यार्थ्याला आपला निबंध अर्जाला जोडता येतो. त्याचे गुणदोष त्या पानांवर उघड असतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचे खरे गुण प्रयोगशाळेत दडलेले असतात. उपकरण तीन महिने नीट चालले नाही तेव्हा तो काय करत होता, गैरसोयीचे आकडे त्याने वहीत ठेवले की गाळले, आखून दिलेले गणित सोडविणारा हा मुलगा स्वतः प्रश्न घालू शकतो का, या गोष्टी गुणपत्रिकेत येत नाहीत. त्या पाहिलेला माणूस एकच असतो. म्हणून त्याच्या शब्दाला येथे मोल अधिक, आणि धोकाही अधिक.

या प्रकाराचे वय मोठे आहे. सिसेरोच्या मित्रांना लिहिलेल्या पत्रांचा तेरावा भाग जवळजवळ संपूर्णपणे शिफारसपत्रांचाच आहे. ती पत्रे ओळीने वाचू लागले की एक गंमत लक्षात येते. आपण नेहमीच शिफारशी करतो, पण ही तशी नव्हे, हे समोरच्याला कसे पटवावे, हाच पुष्कळ पत्रांतला खरा पेच आहे. ख्रिस्तपूर्व 54 मध्ये ट्रेबेशियस या तरुण कायदेपंडिताची शिफारस सीझरकडे करताना तर सिसेरो स्पष्टच लिहितो, की मागे एका शिफारशीत वापरलेल्या ज्या ठेवणीतल्या शब्दांची तुम्ही थट्टा केली होती, ते मी या वेळी वापरणार नाही. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच या प्रकारातील भाषा झिजली होती, लिहिणाऱ्याला ते ठाऊक होते, आणि वाचणारा त्यावर हसत होता. आज ‘अत्यंत हुशार, कष्टाळू आणि नम्र’ ही त्रिसूत्री टंकताना आपल्याला जी किंचित लाज वाटते, तिची परंपरा इतकी जुनी आहे.

मराठीत या व्यवहाराला दोन शब्द आहेत आणि दोन्ही बाहेरून आलेले आहेत. ‘शिफारस’ फारसीतून आला, ‘वशिला’ मुळात अरबी. ‘वसीला’ म्हणजे साधन, एखाद्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग. मुळात त्या शब्दात काही वावगे नाही. परंतु मराठीने या दोघांची वाटणी अशी केली, की एक कचेरीत उजळ माथ्याने फिरतो आणि दुसरा मागच्या दाराने. ही वाटणी मला भाषेच्या शहाणपणाची खूण वाटते. दोन्ही व्यवहारांत कृती एकच असते. तिसऱ्या माणसासाठी एकजण दुसऱ्याकडे शब्द टाकतो. फरक कशात आहे? वशिल्यात शब्द टाकणारा आपले वजन खर्च करतो ते त्या तिसऱ्याशी असलेल्या नात्यापोटी. मग ते नाते रक्ताचे असो, जातीचे असो वा गावाचे. शिफारशीत तो आपले नाव गहाण ठेवतो ते त्या तिसऱ्याच्या कामाची स्वतः पाहणी केली आहे म्हणून. पहिल्या व्यवहारात तो माणूस नालायक निघाला तरी शब्द टाकणाऱ्याचे फारसे काही जात नाही. दुसऱ्यात पुढच्या वेळी त्याचे पत्र कोणी वाचत नाही.

हे गहाण किती नेमके असू शकते याचे एक प्रसिद्ध उदाहरण पाहू. पिट्सबर्गच्या कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जॉन नॅश नावाचा मुलगा वेस्टिंगहाऊस कंपनीच्या शिष्यवृत्तीवर रासायनिक अभियांत्रिकी शिकायला आला. तेथून तो रसायनशास्त्राकडे आणि मग गणिताकडे वळला, आणि 1948 मध्ये बी.एस. आणि एम.एस. या दोन्ही पदव्या घेऊन बाहेर पडला. त्याचे प्राध्यापक रिचर्ड डफिन यांनी त्याच वर्षी प्रिन्स्टनला पाठविलेले शिफारसपत्र अवघ्या काही ओळींचे आहे. मुलाने अर्ज केला आहे, तो एकोणीस वर्षांचा आहे, जूनमध्ये पदवी घेतो आहे, आणि तो गणितातील अलौकिक प्रतिभेचा धनी आहे, एवढाच त्याचा आशय. ‘विनम्र’, ‘वक्तशीर’ यांपैकी काही नाही. पुढे नॅश यांना नोबेल मिळाल्यामुळे या पत्राला दंतकथेचे रूप आले, आणि शिफारसपत्र कसे असावे याचा नमुना म्हणून ते दाखविले जाते.

मला हा नमुना फसवा वाटतो. ते पत्र सॉलोमन लेफ्शेट्झ यांच्या नावे होते. लेफ्शेट्झ स्वतः पॅरिसच्या एकोल सांत्रालमधून बाहेर पडलेले अभियंते. पिट्सबर्गलाच वेस्टिंगहाऊसमध्ये नोकरीला असताना 1907 मध्ये झालेल्या स्फोटात त्यांनी दोन्ही हात गमावले, आणि अभियांत्रिकी सुटल्यावर ते गणिताकडे आले. अशा वाचकाला अभियांत्रिकीतून गणितात शिरू पाहणाऱ्या मुलाची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. डफिन यांचे नाव त्याला माहीत होते, आणि हा गृहस्थ असले शब्द ऊठसूट वापरत नाही हा भरवसा असल्याखेरीज त्या वाक्याला अर्थ नव्हता. तेच वाक्य एखाद्या अनोळखी महाविद्यालयातील अनोळखी प्राध्यापकाने लिहिले असते, तर निवडसमितीने ते हसून बाजूला ठेवले असते. शिफारसपत्राचा अर्थ त्याच्या शब्दांत फार थोडा असतो. तो लिहिणारा आणि वाचणारा यांच्या मधल्या जागेत असतो. संहितेबाहेर पाहू नये असे बजावणाऱ्या समीक्षापद्धतीची या एका वाङ्मयप्रकारापुढे मोठी पंचाईत होईल, असे मला नेहमी वाटत आले आहे.

पुढच्या काळात ही मधली जागा आक्रसत गेली. अमेरिकेत 1974 च्या कायद्याने विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक कागदपत्रे पाहण्याचा हक्क मिळाला, आणि त्यापाठोपाठ ‘मी हे पत्र वाचण्याचा हक्क सोडत आहे’ अशी सही घेण्याचा रिवाज आला. पत्र कधी ना कधी उघडले जाईल ही शंका एकदा शिरली, की हात आखडतो. स्तुती वाढते, तपशील घटतो. त्यात गुणांची कोष्टके आली : हा विद्यार्थी तुम्ही पाहिलेल्यांपैकी वरच्या एक टक्क्यात की पाच टक्क्यांत की दहा? एका प्राध्यापकाच्या हाताखालून वरच्या एक टक्क्यातले किती विद्यार्थी दरवर्षी जाऊ शकतात, हा साधा हिशेब कोणी करत नाही. आपल्याकडे तर याहून पुढची मजल आहे. अनेक ठिकाणी विद्यार्थी स्वतःच आपले पत्र लिहून आणतो आणि सर त्यावर सही करतात. असली पत्रे मीही पाहिली आहेत. तीन निरनिराळ्या प्राध्यापकांच्या तीन पत्रांत एकच वाक्य एकाच व्याकरणाच्या चुकीसह येते, तेव्हा समुद्रापलीकडचा वाचक काय समजायचे ते समजतो. त्या विद्यार्थ्याचे नुकसान होते ते होतेच. त्याच महाविद्यालयातून पुढच्या वर्षी एखादी खरोखर गुणी मुलगी अर्ज करते आणि तिचे खरे पत्रही त्याच गठ्ठ्यात जाते, हे नुकसान अधिक मोठे आहे.

आता बंगळूरला येऊ. एका संपूर्ण विद्याशाखेचे भवितव्य अशा परस्पर भरवशावर कसे उभे राहिले, हे पाहायला त्याहून योग्य जागा नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 मध्ये, वालचंद हिराचंद यांनी तेथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. विमानांची दुरुस्ती-जोडणी करायची तर ते शास्त्र शिकलेली माणसे हवीत. म्हणून 1942 मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला. त्याच्या उभारणीत अग्रभागी होते ते विष्णु माधव घाटगे. कोल्हापूरकडचे घाटगे 1936 मध्ये जर्मनीतील गटिंगेन येथून डॉक्टरेट घेऊन परतले होते, आणि त्यांचे गुरू होते लुडविग प्रांट्ल. वाहत्या हवेचा जो पातळ थर पृष्ठभागाला चिकटून राहतो, त्याचे महत्त्व 1904 मध्ये प्रांट्ल यांनी प्रथम दाखविले आणि आधुनिक वायुगतिकी तेथून सुरू झाली. घाटगे पुढे विमान-कारखान्यात गेले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एचटी-2 हे प्रशिक्षण-विमान 1951 मध्ये उडाले. प्रांट्ल यांचे दुसरे एक शिष्य थिओडोर फॉन कार्मान अमेरिकेला गेले आणि 1930 पासून कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील, म्हणजे कॅलटेकमधील, वैमानिकी प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. त्यांच्या हाताखाली 1939 मध्ये हान्स लीपमान दाखल झाले. बर्लिनमध्ये जन्मलेले आणि झुरिचमध्ये भौतिकशास्त्रात डॉक्टरेट घेतलेले लीपमान पुढे या क्षेत्रातील मोठे शिक्षक ठरले.

या लीपमान यांच्याकडे सतीश धवन पोचले. धवनांचे शिक्षण साहित्याच्या वाचकांनी आवर्जून पाहावे असे आहे. लाहोरच्या पंजाब विद्यापीठात त्यांनी गणित-भौतिकशास्त्रात बी.ए., इंग्रजी साहित्यात एम.ए. आणि यंत्र अभियांत्रिकीत बी.ई. अशा तीन पदव्या घेतल्या. मग 1947 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातून वैमानिकीत एम.एस. केले, आणि तेथून ते डॉक्टरेटसाठी कॅलटेकला गेले. त्यांचा 1951 चा प्रबंध हवेच्या घर्षणाच्या प्रत्यक्ष मोजमापाविषयी आहे. तोवर हे घर्षण बहुधा आडवळणाने काढले जाई. धवनांनी भिंतीचा एक लहानसा तुकडा भोवतालच्या भिंतीपासून सुटा, तरंगता ठेवला, आणि वाऱ्याच्या ओढीने तो किती सरकतो हे मोजले. सरकणे अतिसूक्ष्म, बल अतिअल्प. असे उपकरण जमविणाऱ्या माणसाच्या बोटांना आणि संयमाला गुणपत्रिकेत रकाना नाही, हे मी वर म्हटले त्याचा अर्थ आता स्पष्ट व्हावा.

त्याच वर्षी धवन बंगळूरला विज्ञान संस्थेत आले आणि 1955 मध्ये विभागप्रमुख झाले. त्यांच्या हाताखाली रोद्दम नरसिंह हा तरुण आला. बंगळूरच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून 1953 मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतलेला, जन्म 1933 चा. संस्थेने त्याला 1955 मध्ये डिप्लोमा आणि 1957 मध्ये संशोधनावर असोशिएटशिप दिली. आजच्या भाषेत ही असोशिएटशिप संशोधनाधारित पदव्युत्तर पदवीच्या तोडीची. परंतु संस्थेला विद्यापीठाचा दर्जा 1958 मध्ये मिळाला. त्यापूर्वी तिच्या या प्रमाणपत्रांची नावे परदेशी प्रवेश-कचेरीतल्या कारकुनाला अगम्य होती. कॅलिफोर्नियात बसलेल्या माणसाने ‘डिप्लोमा’ या शब्दावरून काय ओळखावे? कागद जिथे मुका होतो तिथे माणसाला बोलावे लागते.

नरसिंहांनी बंगळूरला केलेले काम थोडक्यात सांगतो. उदबत्तीचा धूर काही अंतर सरळ रेघेत चढतो आणि मग एकाएकी विस्कटतो. पृष्ठभागालगतच्या हवेचेही असेच होते. शांत प्रवाह मोडून अशांत प्रवाह होतो. हा बदल एका रेषेवर होत नाही. मध्ये एक पट्टा असतो, जिथे एकाच जागी प्रवाह कधी शांत तर कधी अशांत असतो. हार्वर्डच्या हॉवर्ड एमन्स यांनी 1951 मध्ये दाखविले होते, की अशांततेचे छोटे छोटे ठिपके उगवतात, वाढत जातात आणि एकमेकांत मिसळतात. हे ठिपके वाटेल तिथे उगवत नसून प्रवाहाला आडव्या अशा एका अरुंद पट्टीतच उगवतात असे मानले, तर मोजमापांचा मेळ बसतो, हे नरसिंहांनी मांडले. त्यांचा हा छोटा निबंध 1957 मध्ये अमेरिकेतील वैमानिकी नियतकालिकात आला, आणि त्यावर नाव एकट्या नरसिंहांचे होते. विभागप्रमुखांचे नाव नाही. गुरुशिष्यांच्या जोडनावाने सविस्तर निबंध आला तो पुढच्या वर्षी, 1958 मध्ये, केंब्रिजहून निघणाऱ्या द्रवगतिकीच्या नियतकालिकात. शिष्याच्या कामावर पहिले नाव आपलेच घालण्याची प्रथा ज्यांना परिचित आहे, त्यांनी या दोन तारखांचा क्रम लक्षात घ्यावा. शिफारस लिहिण्याआधी शिफारस करणाऱ्याने काय केले पाहिजे, ते या क्रमात आहे.

असोशिएटशिप झाल्यावर, 1957 मध्येच, नरसिंह धवनांच्या प्रोत्साहनाने कॅलटेकला, धवनांच्याच गुरूकडे, डॉक्टरेटसाठी गेले. लीपमान आणि धवनांचे सहाध्यायी अनातोल रोश्को यांचे वायुगतिकीचे प्रसिद्ध पाठ्यपुस्तक त्याच वर्षी निघाले. लीपमान, रोश्को आणि धवन या तिघांनी पूर्वी एकत्र संशोधन केले होते. म्हणजे नरसिंह ज्या प्रयोगशाळेत पाऊल ठेवीत होते तिथल्या दोन मोठ्या माणसांनी धवनांचे हात कामाला लागलेले पाहिले होते. धवनांनी पाठविलेला मुलगा, एवढी ओळख तेथे पुरेशी होती. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस आदिनाथांपासून निवृत्तिनाथांपर्यंतची गुरुपरंपरा येते, तिची येथे आठवण व्हावी. फरक इतकाच, की येथे दर कडीला शिष्याला उठून दुसऱ्या देशी जावे लागते.

यातला तोटा कोणाचा होता हेही पाहिले पाहिजे. नव्या विभागाचा प्रमुख आपला सर्वांत चांगला संशोधक विद्यार्थी ऐन उमेदीत सोडत होता. तो परत येईल अशी हमी नव्हती. त्या पिढीतील आणि पुढच्याही अनेक पिढ्यांतील कितीतरी जण परतले नाहीत. ही भीती बाळगून पत्र न लिहिणारे किंवा मुद्दाम कोमट लिहिणारे प्राध्यापक आजही आढळतात. कामाचा विद्यार्थी हातचा जाऊ नये म्हणून त्याला ‘आमच्याकडेच नाव नोंदव’ असे सुचविणारेही आढळतात. मराठीत आपण अशा गुरूला नावे ठेवत नाही, उलट त्याचे शिष्यप्रेम वाखाणतो.

कॅलटेकमध्ये जे घडले ते शिफारशीच्या मर्यादांविषयी बरेच सांगते. नरसिंह पोचले आणि 4 ऑक्टोबर 1957 रोजी सोव्हिएत रशियाने स्पुतनिक सोडला. अवकाशाच्या सीमेवरील विरळ हवेचे गणित एकाएकी निकडीचे झाले, आणि ज्या थराच्या अभ्यासासाठी नरसिंहांचे नाव झाले होते तो विषय बाजूला ठेवून त्यांनी विरळ वायूंच्या गतीवर प्रबंध लिहिला. तो 1961 मध्ये पुरा झाला. म्हणजे धवनांना ज्याची प्रत्यक्ष खात्री होती त्या विषयात नरसिंहांनी डॉक्टरेट केलीच नाही. शिफारस विषयाची करता येत नाही. न दिसलेल्या प्रश्नापुढे हा माणूस कसा उभा राहील याचा अंदाज तेवढा देता येतो, आणि तो अंदाज दोन-तीन वर्षे रोज शेजारी उभे राहिल्याखेरीज बांधता येत नाही. वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या विद्यार्थ्याविषयी वर्षअखेरीस लिहिलेल्या पत्रात हे कोठून येणार?

नरसिंह 1962 मध्ये बंगळूरला परतले, त्याच संस्थेत. त्याच वर्षी धवन तिचे संचालक झाले. नरसिंह विरळ वायू घेऊन परतले खरे, पण पुढे पुन्हा त्या जुन्या थराकडे वळले, त्यातून मान्सूनच्या ढगांकडे गेले, आणि 1984 ते 1993 या काळात राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचे संचालक होते. कडी उलट दिशेनेही चालली. विक्रम साराभाई 30 डिसेंबर 1971 रोजी वारले तेव्हा धवन कॅलटेकमध्येच अभ्यागत म्हणून होते. इंदिरा गांधींनी अवकाश कार्यक्रमाची धुरा घेण्यास त्यांना पाचारण केले. धवनांनी विज्ञान संस्थेचे संचालकपद न सोडता ती स्वीकारली, आणि 1972 पासून 1984 पर्यंत वाहिली.

येथपर्यंतची कथा सुखद आहे, आणि म्हणूनच अपुरी. प्रांट्ल ते नरसिंह या साखळीतील सारे पुरुष आहेत. जी साखळी आतल्याला अलगद उचलून नेते तीच बाहेरच्याला भिंतीसारखी भासते. ज्याला ओळखणारे कोणी नाही त्याचे काय?

अभियांत्रिकी क्षणभर बाजूला ठेवून आपल्या अधिक परिचयाचे उदाहरण घेऊ. कोलंबिया विद्यापीठातून 1915 मध्ये एम.ए. झालेल्या डॉ. आंबेडकरांसाठी त्यांचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी 1920 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे हर्बर्ट फॉक्सवेल यांना पत्र लिहिले. फॉक्सवेल यांनी ते मनावर घेऊन संस्थेच्या सचिवांना कळविले, की या गृहस्थांनी आधीच डॉक्टरेट घेतलेली असल्याने त्यांना जिंकायला येथे आता काही उरलेले नाही. वस्तुतः कोलंबियाची पीएच.डी. रीतसर मिळायला 1927 उजाडले, आणि लंडनला त्यांनी 1921 मध्ये एम.एस्सी. व 1923 मध्ये डी.एस्सी. मिळविलीच. फॉक्सवेल यांच्या गैरसमजापेक्षा मला येथे दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या समाजव्यवस्थेत जन्मावरून वशिला ठरत होता, तिने ज्यांना काही दिले नाही, त्यांच्यासाठी न्यूयॉर्कचा एक प्राध्यापक लंडनच्या दुसऱ्याकडे केवळ कामाच्या बळावर शब्द टाकत होता. शिफारस आणि वशिला यांतला भेद इतका स्वच्छ क्वचितच दिसतो.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र शिफारसही पुरी पडेना. कमला भागवत, पुढच्या सोहोनी, मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेत पहिल्या येऊन 1933 मध्ये बंगळूरच्या संस्थेत संशोधनासाठी गेल्या. दुर्गा भागवतांच्या या धाकट्या बहिणीचे वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत शिकलेले. गुण होते, ओळख होती. तरी संचालक सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून नकार दिला. कमलाबाईंनी हट्ट सोडला नाही, तेव्हा अटी घालून त्यांना घेण्यात आले. पुढे 1939 मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली.

दशकभराने राजेश्वरी या तरुणी त्याच संस्थेत आल्या. लग्नानंतर त्या राजेश्वरी चटर्जी झाल्या. गणितात एम.एस्सी. करून आलेल्या राजेश्वरी विद्युत विभागात काम करू लागल्या आणि 1947 मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेल्या. तेथे विद्युत अभियांत्रिकीतील पदव्युत्तर पदवी घेतली, मग वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय मानक संस्थेत आठ महिने रेडिओ-लहरींच्या मोजमापाचे प्रशिक्षण घेतले, आणि 1949 मध्ये आपल्याच जुन्या विद्यापीठात डॉक्टरेटसाठी परतल्या. माजी पदव्युत्तर विद्यार्थिनी म्हणून तेथे त्यांचे काम लोकांनी पाहिलेले होते. पैशांची सोय झाली ती बार्बर शिष्यवृत्तीने. आशियातील स्त्रियांना मिशिगनमध्ये शिकता यावे म्हणून 1917 मध्ये ती सुरू झाली होती. नेहमीची साखळी ज्यांना आत घेत नव्हती, त्यांच्यासाठी कोणीतरी वेगळी साखळी मुद्दाम घडवून ठेवली होती. विल्यम गोल्ड डाउ यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी 1953 च्या आरंभी पीएच.डी. पूर्ण केली.

पत्रांच्या भाषेतही हा भेद मुरलेला असतो. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका या अभ्यासिकांनी 2003 मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय महाविद्यालयातील तीनशेहून अधिक शिफारसपत्रांचे भाषिक विश्लेषण प्रसिद्ध केले. नेमणूक झालेल्यांचीच ती पत्रे होती, म्हणजे सारी यशस्वी. तरीही स्त्रियांसाठीची पत्रे सरासरीने आखूड होती आणि त्यांत शंकेला जागा ठेवणारी वाक्ये अधिक होती. लिहिणाऱ्यांपैकी कोणी हे जाणूनबुजून केले असेल असे वाटत नाही. हा अभ्यास मी आमच्या शैलीविज्ञानाच्या वर्गात सांगतो तेव्हा विद्यार्थिनी शांत होतात. विद्यार्थी मात्र आकडेवारीवर शंका घेतात.

राजेश्वरी चटर्जी 1953 मध्येच बंगळूरला परतल्या आणि संस्थेत अध्यापक झाल्या. धवनांना तेथे येऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती, आणि नरसिंह नुकतेच अभियांत्रिकीची पदवी घेऊन त्याच आवारात दाखल होत होते. सूक्ष्मलहरींवरील संशोधनाची प्रयोगशाळा त्यांनी आणि त्यांचे पती शिशिरकुमार चटर्जी यांनी तेथे उभी केली. 1982 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांच्या हाताखालून वीस जण डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले, आणि त्यांतल्या प्रत्येकाला पुढच्या दारात उभे राहण्यासाठी लागणाऱ्या पत्रावर आता त्यांची सही चालत होती.